एकनिष्ठ सिम

३ मार्च
नोकरी सोडली ते योग्यच केलं. आज पहिली ऑर्डर! मेहुण्याच्या आइस्क्रीमच्या कोल्डरूममध्ये माझं यंत्र बसणार. आतलं तापमान चढलं की यंत्र मोबाइलवर मेसेज करणार. जमलं तर त्याच्या सगळ्या कोल्डरूम माझ्या. नाही जमलं तर त्याच्या ऑफिसात एक खुर्ची रिकामी आहे, असं त्याने हिला एकदा सांगितलं. हिने मला रोज.

५ मार्च
यंत्राने मेसेज पाठवायचा कशावरून? मेहुण्याचं वायफाय नको. तो बिल भरायला विसरतो. राहिलं सिम. सिमवाला म्हणतो, सगळ्या कंपन्यांवर चालणारं घ्या, ज्याची रेंज मिळेल त्याला धरतं. शिवाय कोल्डरूम म्हणजे पत्र्याची पेटी, तेव्हा अँटेनाची वायर बाहेर काढा. मी विचारलं, वायरीत तुम्हाला किती सुटतात? त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.
नंतर वाटलं, मी पूर्वग्रहाने बोललो का? तटस्थपणे विचार केला. नाही.

६ मार्च, सकाळी
निर्णय पक्का. एकाच कंपनीचं सिम. जे आज या दारात आणि उद्या त्या दारात, ते कुणाचंच नसतं. वायरही नाही. इतक्या देखण्या यंत्राला शेपूट?
ही म्हणाली, सिमसाठी स्थळ बघतोयस का?

८ मार्च
प्रत्यक्ष चाचणी. आपण पुराव्याशिवाय बोलत नाही. कोल्डरूमच्या आत उभा राहून मोबाइल उंच धरला. चार दांड्या! फुल्ल रेंज. मेहुणा म्हणाला, भावोजी, दार लावून बघा की. मी म्हणालो, गरज नाही. मला सर्दी होती.
ही सबब होती का, यावर घरी येऊन विचार केला. सर्दी खरोखरच होती. म्हणजे सबब नव्हे.

११ मार्च
यंत्र बसलं. दिवसभर मेसेजच मेसेज. कामगारांनी माल काढायला दार उघडलं की लगेच ‘तापमान वाढले’. मेहुणा म्हणतो, तिथे माणूस उभा असतानाच हे बोंबलतं, एरवी मिठाची गुळणी. मी म्हणालो, एरवी सगळं ठीक असतं म्हणून. शांतता हासुद्धा एक निरोपच.
हे वाक्य माहितीपत्रकात घालायचं.

१५ मार्च, रविवार
कोल्डरूमला सुट्टी. एकही मेसेज नाही. आदर्श दिवस. माहितीपत्रक छापायला दिलं.

१६ मार्च
काल कॉम्प्रेसर बंद पडला होता. आज सकाळी दार उघडलं तेव्हा आइस्क्रीम आपल्या पायांनी बाहेर आलं, असं मेहुण्याचं म्हणणं. त्याच क्षणी कालचे सगळे मेसेज माझ्या मोबाइलवर धडाधड येऊन पडले. म्हणजे यंत्र एकही निरोप विसरलं नव्हतं! हे मेहुण्याला मुद्दाम कळवलं. त्याने फोन ठेवला.
ही म्हणाली, यंत्राने दांडी मारली हे कबूल कर. मी म्हणालो, दांडी मारणारा मागाहून इतकी चोख हजेरी देतो का?

१७ मार्च
सर्वांसमक्ष फेरचाचणी. आत गेलो, बाहेरून दार लावायला सांगितलं. दांड्या शून्य. मोबाइल चारही कोपऱ्यांत फिरवला. शून्य. हे कळवायला मेहुण्याला फोन केला. अर्थातच लागला नाही. दारही उघडेना. वितळलेल्या व्हॅनिलाच्या वासात बराच वेळ आत्मपरीक्षण केलं. मग दार बडवलं.
मेहुण्याने उघडलं. म्हणाला, भावोजी, आत दांडी आहे, ती ढकलायची. मी म्हणालो, मला एकही दिसली नाही. तो पोट धरून खालीच बसला. का, ते घरी आल्यावर हिने सांगितलं.
तरी मूळ प्रश्न उरतोच. दोष सिमचा की दाराचा? दाराचा. बनवणाऱ्याने रेंजचा विचारच केलेला नाही.

२ एप्रिल
मेहुण्याने सगळीकडे दुसऱ्याची यंत्रं बसवली. सगळ्या कंपन्यांवर चालणारी सिम, आणि प्रत्येक यंत्राला शेपूट. मी त्याच्या ऑफिसात रुजू झालो. तात्पुरता. संध्याकाळी कोल्डरूम बंद करणं आणि सुट्टीच्या दिवशी मेसेज बघणं ही माझी कामं. अनुभवी माणूस म्हणूनच दिली असणार.

५ एप्रिल, रविवार
जेवायला बसलो तोच मेसेज. तापमान वाढले. हात न धुता पळालो. कॉम्प्रेसर ठणठणीत. आइस्क्रीम घट्ट. दार किलकिलं. काल सगळ्यांत शेवटी तिथून निघालो तो मी.
दार लावलं. दोनदा ओढून पाहिलं.
पण एक गोष्ट न्यायाने मांडायलाच हवी. दार उघडं असताना माझं यंत्रही इतक्याच तत्परतेने कळवत असे. उद्या हे मेहुण्याला ठणकावून सांगणार आहे. दार उघडं कुणी टाकलं, हे त्याने आधी विचारलं नाही तर.