एक तरी उदाहरण

१ ऑगस्ट, शुक्रवार. पहाटे ५.१०

उठलो. म्हणजे आईने उठवलं, पण दुसऱ्या हाकेला उठलो. आजपासून हेच. रोज चार पानं, गोड बंद, फोन दुसऱ्या खोलीत.

३१ डिसेंबरला माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन संपतं. एक्स्टेन्शन दोनदा झालं, तिसरं कुणालाच मिळत नाही. त्याच दिवशी बाबा बँकेतून रिटायर होतात. मग कोलकात्यातलं, बालीगंजचं हे बँकेचं घर सोडायचं आणि साताऱ्याला जायचं, मुलगा डॉक्टर होऊनच. बाबांनी तिथल्या दारासाठी पितळी पाटी करूनही आणली. डॉ. सुश्रुत दिलीप भागवत. घाई केलीत म्हटलं. पण अक्षर सुंदर आलंय.

प्रबंधाचा विषय: तीन अटी पाळणाऱ्या वक्र स्पेसेसची भूमिती. पहिल्या दोन अटी माझ्या गाइडच्या, लाहिरी सरांच्या. तिसरी माझी स्वतःची. तिसऱ्या वर्षी एक सिद्धता काही केल्या पुढे सरकेना, तेव्हा मी ती अट घातली आणि सगळं सुरळीत झालं. त्यानंतर चौदा प्रमेयं. एकही अडलं नाही. विश्वाच्या पहिल्या क्षणी स्पेस अशीच असणार, असं मला आतून वाटतं. सरांना अजून बोललेलो नाही.

५ ऑगस्ट

चार पानं झाली नाहीत. मार्जिन ठरवण्यात दिवस गेला. पण मार्जिन एकदाच ठरवायचं असतं.

१२ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी

यामिनीची ईमेल आली. यामिनी आमची ज्युनिअर, दुसरं वर्ष. वडील लष्करात, बराकपूरला राहतात. जन्म इकडचाच, त्यामुळे मराठी घरापुरतं. मला सुश्रुतदा म्हणते. सर गेली दोन वर्षं घोकतायत, की प्रबंधात एक तरी उदाहरण हवं, अशी एखादी स्पेस प्रत्यक्ष लिहून दाखव. उदाहरणं म्हणजे हमाली. ती मी जुलैत तिच्यावर सोपवली.

ईमेलचा विषय: एक छोटी शंका. सोबत दोन पानांची फाइल, नाव 'उदाहरण'. निवांत उघडीन. सध्या मी ऋणनिर्देशात आहे. पहिलं वाक्य जमलं की पुढचं आपोआप येतं.

१९ ऑगस्ट

यामिनीने विचारलं, सुश्रुतदा, माझं ते पाहिलं का. पाहतोय म्हटलं. ती म्हणाली, काही घाई नाही, माझंच चुकलं असेल. शेवटचा शब्द बोलताना खाली बघत होती. मुलीला माझा फार धाक आहे. जरा मोकळं वागायला हवं.

ऋणनिर्देशात तिला चौथ्या ओळीत घेतलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल मंडळाच्या गणपतीला गेलो होतो. कोलकात्यातली सगळी मराठी मंडळी. बाबांनी प्रत्येकाला सांगितलं, की डिसेंबरात होतोय. मोदक नाकारले (एक घेतला, प्रसाद हा गोडात धरत नाहीत). मानसीमावशींनी विचारलं, तुझी ती स्पेस दिसते तरी कशी रे, बॉलसारखी, की वड्यासारखी मधे भोक असलेली? मी म्हणालो, मावशी, ती अशी दाखवता येत नाही. आई लगेच म्हणाली, मलाही सहा वर्षं हेच सांगतो. सगळे हसले. मीही हसलो.

मावशींचा प्रश्न तसा बरोबर होता. बॉल दुसऱ्या अटीपर्यंतसुद्धा येत नाही. वडा येतो का, हे तपासलेलं नाही.

९ सप्टेंबर. ४ वाजता

लाहिरी सरांनी केबिनमध्ये बोलावून स्वतः चहा ओतून दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा. पाचव्या प्रकरणाची प्रत परत दिली. एकही लाल खूण नाही. आधी पानापानावर रक्त सांडलेलं असायचं. विचारलं, कसं वाटलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, लिखाण शुद्ध आहे. मग म्हणाले, उदाहरण? मी सांगितलं, यामिनीकडे दिलंय. म्हणाले, यामिनी काय म्हणते? म्हटलं, तिला एक छोटी शंका आहे.

सरांनी माझा कप पुन्हा भरला. त्यांना काम पसंत पडल्याचं हे लक्षण असावं. घरी येताना दोन रसगुल्ले खाल्ले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दुर्गापूजेची सुट्टी लागली. रस्त्यात मांडव, माणसांचा पूर. इन्स्टिट्यूट ओस पडलंय, म्हणून मुद्दाम गेलो. गाजणारं काम शांततेतच होतं. दिवसभरात सूची केली. चौदा प्रमेयांची नावं एकाखाली एक फार भारदस्त दिसतात.

जिन्यात यामिनी भेटली. हीसुद्धा आलेली! म्हणाली, पूजेनंतर सरांना तिचा रिपोर्ट द्यायचाय, त्याआधी तुम्ही एकदा पाहाल ना. अगदी काकुळतीने बोलत होती. तिला म्हटलं, अगं, सणाचे दिवस आहेत, जा, मांडवातले ठाकूर, देवीच्या मूर्ती बघून ये. ती गेली नाही. तिथेच पायरीवर उभी राहिली. मीच गेलो.

८ ऑक्टोबर

साताऱ्याला न्यायच्या पुस्तकांचे खोके आईने भरायला घेतले. एका जाड पुस्तकातून घडी घातलेला कागद पडला. माझंच अक्षर, चौथ्या वर्षाचं. वर लिहिलंय: उदाहरण १. खाली अर्धं पान आकडेमोड. पहिली अट, दुसरी अट, मग तिसरी. तिसरी घातल्यावर पुढच्या ओळीत एक पद शून्य झालेलं. त्याच्या पुढच्या ओळीत आणखी एक. मग काहीच नाही. तिथे मी थांबलो होतो.

हा कागद मला आठवत नाही.

आठवतो. त्या दिवशी मी तो घडी घालून ठेवला आणि मॅच बघायला गेलो.

चूक असणार. घाईत केलेलं. घडी पुन्हा घालून ठेवली. आई म्हणाली, रद्दीत टाकू का? मी ओरडलो. उगाच ओरडलो.

९ ऑक्टोबर

कालची नोंद फार हळवी झाली. झोप कमी. उद्यापासून प्राणायाम.

२४ ऑक्टोबर

यामिनीने रिपोर्टची तारीख पुढे मागून घेतली म्हणे. तब्येतीचं कारण दिलं. तिला तर साधा खोकलाही नाही. आजकालच्या मुलांना चिकाटी कमी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

इन्स्टिट्यूटच्या ऑफिसातले अधीरदा, ज्यांनी सहा वर्षांत माझा एकही फॉर्म पहिल्या खेपेला घेतला नाही, त्यांनी आज मला खुर्ची दिली. २७ तारखेच्या सेमिनारचा कागद शिक्का मारून हातात ठेवला. प्रबंध सादर करण्याआधीची ही शेवटची पायरी. बाहेरून एक तज्ज्ञ येतात. अधीरदांनी विचारलं, मराठी शाळा-कॉलेजात गणिताच्या जागा असतात का? मी म्हणालो, माझा विचार परदेशाचा आहे. ते म्हणाले, भालो, भालो, म्हणजे छान, छान, आणि पाणी दिलं.

सगळेच माझ्याशी फार चांगलं वागायला लागलेत. आमच्या आजोबांच्या शेवटच्या महिन्यात घरात असंच वातावरण होतं.

हे शेवटचं वाक्य खोडायचं आहे.

२६ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

उद्या. बाबांनी सूट इस्त्री करून आणला. स्लाइड्स ८८. तिसरी अट ११व्या स्लाइडवर, बारीक टाइपात.

यामिनीची फाइल उघडायला बसलो होतो. बोट ठेवलं. मग वाटलं, आयत्या वेळी डोकं विचलित नको. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काही वाचू नये, हे शाळेपासून ऐकतोय.

भीती वाटते आहे. लिहून ठेवतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तज्ज्ञांनी ११व्या स्लाइडला हात वर केला. अतिशय सभ्य, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. म्हणाले, एक उदाहरण द्याल? मी म्हणालो, सपाट स्पेस तर झालीच, पण ती क्षुल्लक आहे. ते म्हणाले, बरं, मग दुसरं. सोपं असलं तरी चालेल.

खडू घेतला. पहिली अट लिहिली, दुसरी लिहिली. तिसरी लिहिली आणि एक पद शून्य झालं. मग दुसरं. या दोन ओळी मला पाठ होत्या. मॅचच्या दिवशी थांबलो तिथून आज पुढे गेलो, कारण सगळे बघत होते. आणखी चार ओळी. वक्रता शून्य. ही स्पेस नाही, कुठलीही घ्या. तीन अटी पाळणारी प्रत्येक स्पेस सपाट. माझी चौदाच्या चौदा प्रमेयं खरी आहेत. त्या सगळ्यांत मिळून शून्य बरोबर शून्य एवढंच म्हटलेलं आहे.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तज्ज्ञ म्हणाले, थँक यू. सर उठले आणि फळा स्वतः पुसायला लागले, वरपासून खालपर्यंत, हळूहळू. यामिनी पहिल्या रांगेत होती. रडत होती. मी ७७ स्लाइड्स उरलेल्या असताना लॅपटॉप बंद केला.

२८ नोव्हेंबर

फाइल उघडली. दीड पानात सगळं आहे, माझ्यापेक्षा नीटनेटकं. वर ईमेलमध्ये मोडक्या मराठीत लिहिलंय: सुश्रुतदा, तिसरी अट घेतली की सगळं सपाट होऊन जातंय. नक्कीच माझी चूक आहे. हे मी आणखी कोणाला दाखवला नाही, तुम्ही सांगाल तेव्हाच दाखवेन.

१२ ऑगस्टची ईमेल. तेव्हा माझ्या हातात साडेचार महिने होते. तिसरी अट काढून निदान दोन प्रमेयं वाचवता आली असती. ती मुलगी साडेतीन महिने गप्प बसली आणि मी तिला धाक वाटतो असं समजत होतो.

१५ डिसेंबर

सर म्हणाले, तिसरी अट काढली तर काय उरतं बघ. बघितलं. मार्जिन उरतं.

यामिनीच्या दीड पानांचा शोधनिबंध होणार: अशा वक्र स्पेसेस अस्तित्वात नाहीत. सहा वर्षांतलं या विषयातलं एकमेव छापण्यासारखं काम. तिने माझं नाव लेखक म्हणून घालायचा हट्ट धरला होता. मी नको म्हणालो. मला वाटतं, हे मी बरोबर केलं. आज तिने अंतिम प्रत पाठवली. मी लगेच उघडली. शेवटी ऋणनिर्देश, एकच ओळ: तिसरी अट सुचवल्याबद्दल सुश्रुत भागवत यांचे आभार.

माझा ऋणनिर्देश चार पानांचा झाला होता. तिची ओळ जास्त चांगली आहे.

३१ डिसेंबर, बुधवार. सकाळी ११

अधीरदांकडे ओळखपत्र जमा केलं. बाबा हार घालून घेऊन बँकेतून संध्याकाळी येतील. पाटी खोक्यात दिसली नाही. विचारलं नाही.

सामान गेलंय, डायनिंग टेबल फक्त उरलंय. आई चहा घेऊन बसली. म्हणाली, आता तरी सांग, ती तुझी स्पेस दिसते कशी. मी यामिनीच्या निबंधाचा कागद टेबलावर ठेवला आणि हाताने नीट सपाट पसरला. म्हटलं, अशी.

तिने कागदाकडे पाहिलं, उलटून पाहिला, पुन्हा ठेवला. म्हणाली, एवढंच?

एवढंच, म्हटलं.

ती म्हणाली, अरे, मग हे आधीच नाही का सांगायचंस. मला तर लगेच कळलं.