फळीवरचा फिदेन्सिओ

वाहाका शहर, मेक्सिको
३ मार्च

ती. एर्मिनियाताईस, निकानोरचा सा. न.

फिदेन्सिओदाजींना माती देऊन परतलो तो थेट छापखान्यात शिरलो. दाराएवढी लाकडी फळी घेतलीय. दाजींचा खून तिच्यात कोरून, छापून, गावोगाव भिंतींना चिकटवणार. रानतोडीला आडवे आले म्हणून वखारवाल्याने मारेकरी पाठवले, हे निरक्षरालाही कळलं पाहिजे.

मधोमध दाजी, गुडघे टेकून, हात जोडलेले. भोवती तोंडाला फडकी बांधलेले पाच बंदूकवाले. मागे तू, काळ्या शालीत तोंड लपवून रडणारी. मित्र वाहवा करतात, पण मला मांडणी निर्जीव वाटते. तू तिथे होतीस. सांगवलं तर सांग. आणि भाकऱ्या कुत्र्याला घालून स्वतः उपाशी राहू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
निकानोर

सान मातेओ
९ मार्च

चि. निकानोर, अ. आ.

कुत्रा माझ्यापेक्षा बरा जेवतो, ते सोड. तुझे दाजी लग्नात पाद्र्यापुढेसुद्धा धड गुडघे टेकेनात, ते या हरामखोरांपुढे टेकतील? तिघेच होते. तोंडंही उघडीच. पहिला दांडा खांद्यावर बसला, हाड मोडलेलं मला चुलीपाशी ऐकू आलं. पडले ते उठू लागले, आणि उठता उठता एकाचे केस धरले. तो रुतिलिओ! आपल्या धर्ममावशीचा मुलगा, माझ्या हातचं खाऊन वाढलेला. त्यानेच पोटात गोळी घातली. आतडी हाताने आत ढकलत हे पुन्हा उठायला बघत होते.

मी रडले नाही. पाट्यावरचा वरवंटा रुतिलिओच्या तोंडावर घातला. जबडा लोंबायला लागला, तेव्हा तिघे पळाले. ती रडणारी बाई काढून टाक.

जिवाला जप.
ताई

वाहाका
१७ मार्च

ती. ताईस, सा. न.

पत्र वाचलं आणि कोरणी धरली. कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. कोरलं ते छाप्यात पांढरं, राखलं ते काळं. दोन बंदूकवाले पार खरवडून काढले. दाजींच्या गुडघ्यांखालची जमीन कोरून टाकली. आता ते उठताहेत. जोडलेल्या हातांची मूठ झाली, तिच्यात रुतिलिओचे केस. तुझी शाल अजून अख्खी काळी होती हे नशीब. त्या काळ्यातूनच तुझा चेहरा आणि उगारलेला हात काढला.

रुतिलिओच्या तोंडावरचं फडकं मात्र तसंच काळं ठेवलंय. तो ओळखू आला तर वखारवाल्याची माणसं तुला जाळायला येतील. फडकं खरवडून चेहरा कोरायला माझा हात धजत नाही. तू म्हणशील तसं.

तुझा धाकटा,
निकानोर

सान मातेओ
२२ मार्च

चि. निकानोर, अ. आ.

कोर.

ताई

सान मातेओ
८ एप्रिल

चि. निकानोर, अ. आ.

छापा बाजारात लागला. धर्ममावशीने लेकाला ओळखलं, सगळ्या गावानेच ओळखलं. लोकांनी रुतिलिओला मावशीच्या घरातल्या कणगीमागून फरफटत आणला, खांबाला बांधला, रॉकेल ओतलं. काडेपेटी माझ्या हातात दिली. म्हणाले, बाई, हक्क तुझा. मावशी त्याच्या पायांना मिठी मारून पडलेली.

मला पेटवायचा होता, खोटं कशाला सांगू? पण बाकीचे दोघे परागंदा झालेत. वखारवाल्याने पाठवलं हे सांगणारं तोंड तेवढं एकच उरलंय. मी काडेपेटी पायाखाली चिरडली. लोक मला रांड म्हणाले, एकाने दगड घातला. कपाळाला टाके आहेत, घाबरू नकोस.

आता तो गावच्या कोठडीत आहे. चावता येत नाही, म्हणून मक्याची पेज मीच नेते. तो तोंड फिरवतो. मी चमचा दातांवर आपटून उघडायला लावते. त्याचा जबडा सांधला पाहिजे. न्यायाधीशापुढे नाव स्पष्ट निघालं पाहिजे.

पत्र धाडत जा, विसरू नकोस.
ताई