नोव्हेंबरातली आई

२७ ऑक्टोबर, सोमवार

शंभर किलोमीटर धावून तीन आठवडे झाले, तरी जिना उतरताना अजून कठडा धरते आहे. आज उलरिकेचा फोन. कोच म्हणून ती चांगली आहे, पण बोलणं कमी आणि हुकूम जास्त. डिसेंबर लागेपर्यंत धावायचं नाही. झोप, खा, कंटाळ. कंटाळणं हासुद्धा म्हणे ट्रेनिंगचा भाग!

मला ते कधीच जमत नाही. ऑफ-सीझन आला की वर्षभर पुढे ढकललेलं सगळं मी त्यात कोंबते. दात, गाडीचे हिवाळी टायर, तळघरातली अडगळ. आणि आई. उद्या तिला आणायला फ्रँकफर्टला जायचंय. आईला टायरच्या रांगेत बसवलेलं लिहून वाचताना बरं वाटत नाही. पण उन्हाळ्यात माझ्याकडे वेळ कुठे असतो?

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आई आली. व्हीलचेअर नको म्हणाली आणि माझ्यापेक्षा भरभर चालत पार्किंगपर्यंत आली. बॅगेत नेहमीसारख्या कुरडया, सांडगे, पापड. कपडे नावाला.

मला बघून पहिलं वाक्य — "काय गं हे, तोंड किती उतरलंय!" मागच्या वर्षीही हेच. त्याच्या आदल्या वर्षीही हेच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सोफा. दिवसभर सोफा.

२ नोव्हेंबर, रविवार

आई खिडकीशी खुर्ची ओढून बसते. समोर आमच्या इमारतीचं चेस्टनट, पूर्ण उघडं. "हे झाड मेलंय का गं?"

"अगं नाही, पानं गळलीत. येतील परत."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस."

कुहू मध्येच ओरडली, "नाइन आजी, देअर श्लेफ्ट नूअर!" माझ्या लेकीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी सांगितलं, झोपलंय फक्त, असं म्हणतेय. आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या आईसारखं." दोघी खूप हसल्या. मला नाही हसू आलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाच वाजता अंधार. आई देवापुढे दिवा लावते आणि घड्याळाकडे बघून मान हलवते. ऑफिसमधून आले ती बूटही न काढता पडले. पाय दुखत नाहीत आता, पण आतून सगळं रिकामं झाल्यासारखं वाटतंय. कशाचीच हौस नाही.

"दिवसभर ऑफिस, आल्यावर पडून. बरं नाहीये का तुला?"

"आराम करतेय, आई. करायचा असतो."

"आजारी माणसं करतात गं आराम."

मग मी जे ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. ती भाजी निवडत बसली. सॉरी म्हणायचं होतं, तेवढंही त्राण नव्हतं. जेवताना तिने माझ्या ताटात कुरडई जास्त वाढली.

९ नोव्हेंबर, रविवार

द्राक्षमळ्यातून फिरून आलो, वर टेकडीपर्यंत. आई पुढे, मी मागे! दोनदा थांबून तिने माझी वाट पाहिली. दुसऱ्यांदा माझी पाण्याची बाटली काढून घेतली, ओझं नको म्हणून. शंभर किलोमीटर धावणारी मी आणि पाण्याचं ओझं.

वेलींच्या नुसत्या काड्या उरल्यात. आईने एक हाताने चाचपून पाहिली. "उन्हाळ्यात कसं दिसतं इथे?" मी सांगितलं — सगळं हिरवं, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, लोक नदीकाठी जेवायला बसतात, मी पहाटे इथूनच धावते. आई म्हणाली, "असेल." लहानपणी मी शाळेच्या थापा मारायचे तेव्हा ती असंच म्हणायची.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

टायर बदलायला मी आणि नवरा गेलो होतो. वर्कशॉपमध्ये कॉफी पिताना मिलनने सांगितलं. चार दिवस पोटात ठेवलं होतं म्हणे. आई त्याला म्हणाली होती, "मिलनराव, तुमच्या संसारात बोलू नये, पण हिला इथून परत न्या हो. या अंधारात माझी पोर वाळत चाललीय. तिसरं वर्ष बघतेय, नुसती पडलेली असते. त्या धावण्याने तिचं सगळं रक्त शोषलंय."

मी भडकलेच. "आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, आई, उन्हाळ्यात ती वेगळी असते."

"मग?"

"म्हणाल्या, असेल."

घरी येईपर्यंत राग उतरला. आई तीनदा आली, तिन्ही वेळा नोव्हेंबरात. माझ्या सोयीने. आम्ही तिच्याकडे कऱ्हाडला जातो ते एक वर्षाआड ख्रिसमसच्या सुट्टीत, तेव्हाही मी पेंगतच असते. तिने मला धावताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही! या झाडाला पानं आलेली पाहिली नाहीत. तिला जे दिसतं त्यावरून ती तिकडे जाऊन वर्षभर काळजी करते. फोनवर "अंधारात धावू नकोस" का म्हणते, ते आज कळलं. इथे कायमच अंधार असतो असं तिला वाटतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

व्हिडिओ दाखवला, ऑक्टोबरच्या शर्यतीचा शेवट. मोठी चूक! मी त्यात पायावर पाय अडखळत येते, गुडघ्यावर बसते आणि हमसून रडते. आनंदाने. आता हे आईला कसं पटवायचं?

"कुणी सांगितलंय गं तुला हे करायला?" एवढंच म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. मेमध्ये माझी पुढची शर्यत, इथून गाडीने तासाभरावर. आईने तेव्हा यायचं. पानं बघायची, उजेड बघायचा, मला बघायचं. मी तिला म्हटलं, "तिकीट मी काढते. फक्त ये."

"मेमध्ये?" कपड्यांच्या घड्या घालताना तिचा हात थांबला. मग म्हणाली, "बघू."

संध्याकाळीच तिला न सांगता तिकीट काढून टाकलं. किती दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटलं. झोपही छान लागली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आई गेली. आत जाताना मला म्हणाली, "खात जा." बाकी काही नाही. परतताना गाडीत कुहू झोपली. मलाही झोपायचं होतं.

१ डिसेंबर, सोमवार

धावले! जेमतेम अर्धा तास. पाय लाकडासारखे, नाक गळतंय, नदीवर धुकं. तरी घरी आल्यावर मिलन म्हणाला, आज जरा माणसात आलीस.

१४ डिसेंबर, रविवार

फोनवर आईला तिकिटाचं सांगितलं. खूश होईल असं वाटलं होतं.

"अगं, बघू म्हणाले होते ना मी? मेमध्ये कशी येणार? वाळवणं नाहीत का!"

आईचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला कळायला हवं होतं. सहलीपासून सायकलीपर्यंत सगळ्याला ती बघूच म्हणायची. मी म्हटलं, एक वर्ष राहू दे की वाळवणं.

ती मग म्हणाली, "कडक ऊन दोनच महिने मिळतं, अशू. बाबा गेल्यापासून सहा जणी येतात माझ्याकडे. अख्ख्या पेठेच्या कुरडया आमच्या गच्चीवर होतात. तांबडं फुटायच्या आधी चीक शिजायला हवा, एकदा हाटायला घेतला की हात थांबवता येत नाही. एक दिवस ढग आले तर सगळा घाणा वाया. मी नसले तर त्या काय करतील?"

मी नुसतं हं हं करत होते. मला वाटायचं, आई वेळ जात नाही म्हणून चार कुरडया घालते. दर वर्षी पिशवी भरून येतात आणि आम्ही तळून खातो. मी घर सोडल्यापासून उन्हाळ्यात एकदाही तिकडे गेले नाही. तेव्हा माझ्या शर्यती असतात.

पण मी हट्टालाच पेटले. "म्हणजे तू मला धावताना कधी बघणारच नाहीस?"

"आणि तू मला?"

रागाने नाही म्हणाली. हसतच म्हणाली. मग कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.

२१ डिसेंबर, रविवार

लांब पल्ल्याचा सराव. निम्म्यातून परत आले. पाय चालत होते, मन नव्हतं.

२८ डिसेंबर, रविवार

उरलेल्या कुरडया तळल्या. कुहूने शेवटची मोडून अर्धी मला दिली. इतक्या बारीक तारा, एकसारख्या, सगळ्या आईच्या हातच्या. तळताना मी कधी नीट बघितलंच नव्हतं. रडू आलं, कारण नसताना. मिलन म्हणाला, दमली आहेस. हो, दमलेय.

६ जानेवारी, मंगळवार

आईचं तिकीट रद्द केलं. माझं काढलं, पूर्ण मे महिन्याचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "जुने कपडे आण. आणि पहाटे उठावं लागेल हं, झेपेल ना?"

उलरिकेला कळवलं, मेमध्ये धावणार नाही. तिचं लगेच उत्तर — दुखापत?

लिहिलं, नाही. आईचा सीझन आहे.