पाचटाखालचा दगड

४ सप्टेंबर, आष्टी

कौशल्य केंद्रात गेलो. ऊसतोडणी यंत्रचालकांचा तीन महिन्यांचा वर्ग नुकताच संपला. वीस मुलं, एक मुलगी. यंत्र? भिंतीवर चित्र आहे! श्रवण झालं, मनन झालं. निदिध्यासनाला यंत्रच नाही.

पहिली आली ती मुलगीच — मनिषा. आईबापाबरोबर आठ वर्षं ऊस तोडलेला. दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही तर बाप लग्न लावणार. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादम माणसं तशीच मोजतो.

९ सप्टेंबर

गहिनीनाथ भेटला. घरची दोन ऊसतोडणी यंत्रं, चालक मिळत नाहीत. मी म्हटलं, वीस-एकवीस पास झालेत की! "कागदावर लई हुशार हायेत. पडलेल्या उसात घातले की पाती मोडून ठेवतेत."

मग नेमकं काय यायला हवं? त्यालाही धड सांगता येईना. पाचटाखाली, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याखाली, दगड कुठे, पातं किती खाली न्यायचं — वर राहिलं तर बुडखा रानातच, खाली गेलं तर पातं गेलं.

घरी येऊन अभ्यासक्रम चाळला. एकशे बारा पानं. दगड नाही. शिरस्त्राण चार वेळा.

१० सप्टेंबर

मनिषाला विचारलं, न दिसणारा दगड कसा ओळखतात? ती हसायलाच लागली. "काका, दगडावरचा ऊस खुरटा ऱ्हातो. आई लांबूनच सांगती."

गहिनीनाथला फोन केला. वार्ताहरानं असं करू नये. केला.

५ ऑक्टोबर

गहिनीनाथच्या रानात चाचणी. केबिनमध्ये मनिषा, बांधावर तिची आई, भिवराबाई. सुरुवातीला यंत्र दोनदा बंद पडलं. जमलेली पोरं खिदळली. मग भिवराबाईंनी हात वर केला की मनिषा पातं उचलायची. शेवटच्या सरीला तिनं आईकडे पाहिलंच नाही.

एकही पातं मोडलं नाही. "दिवाळी झाली की ये," गहिनीनाथ म्हणाला. बापानं लग्नाचं बोलणं थांबवलं. मी बातमी पाठवली — शीर्षक जरा अलंकारिकच झालं.

२६ ऑक्टोबर

बातमीचा अंक द्यायला मनिषाच्या घरी गेलो. भिवराबाई कोयते पोत्यात गुंडाळत होत्या. निघायची तयारी का, विचारलं. न्हाई म्हणाल्या, मुकादमानं यंदा नेलंच नाही. दरसालच्या फडात यंत्र जाणार आहे.

कुणाचं, विचारलं.

"आमच्या मनीचं."