खुर्चीकडे मागितलेलं बेसांव

१ सप्टेंबर १९५७
आले एकदाची! बांद्याहून मोटार, मग होडीनं खाडी, आणि बुटात वाळू घेऊन नव्या शाळेच्या गावात दाखल. राहायची सोय बर्थामावशींकडे झालीय. घरात त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ लिनोमामा, जन्मभर बोटीवर काढून आता घरी बसलेले. तांबडी जमीन, भिंतीवर क्रूस ठेवलेला आल्तार, समोर खाडी. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. मी भात दोनदा मागून घेतला, लाज वाटली नाही.

दादा, म्हणजे कॉन्स्टान्सियो, अजून रागावलेलाच आहे. त्यानं लग्नासाठी पसंत केलेल्या बोटीवाल्याला मी नाही म्हटलं ना! घरात आजवर कुणी त्याला नाही म्हटलेलं नव्हतं. माझी तेवढीच कमाई. इथं पेटीत दुसरं आहे तरी काय?

४ सप्टेंबर
आज फजिती झाली. तिन्हीसांजेची घंटा झाली, तसे आम्ही होतो तिथंच उभे राहून प्रार्थना केली. मग रीतीप्रमाणे धाकट्यांनी मोठ्यांकडे बेसांव मागायचं, त्यांनी आशीर्वाद द्यायचा. मावशींकडे मागितलं, मामांकडे मागितलं. खिडकीशी आमच्याकडे पाठ केलेली आरामखुर्ची आहे. तिच्या हातावर मला म्हाताऱ्या माणसाची बोटं दिसली. घरात कुणी आजारी वडीलधारं असेल, आपणच ओळख करून घेतली नाही, असं वाटून मी पुढं झाले आणि हात जोडून म्हटलं, बेसांव.

लिनोमामा दिवा घेऊन आले. खुर्ची रिकामी. त्यांच्या हातून दिव्याची काच पडून फुटली. मावशी मात्र हसल्या. "बरां केलंस गो," म्हणाल्या.

बेसांव मागणं म्हणजे तुम्ही थोर, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, असं कबूल करणं. रिकाम्या खुर्चीला मी काय कबूल केलं?

१० सप्टेंबर
शाळा छान. धर्मशिक्षणाच्या तासाला देवदूतांचा धडा घेतला. देवानं त्यांना एकदाच निवडू दिलं. काहींनी ऐकलं, काही फिरले, आणि जे फिरले त्यांना परत येणं नाही. माणसाला मात्र रोज मागं फिरता येतं. फिलोमिना नावाची एक वात्रट मुलगी आहे, सगळे फिलू म्हणतात; प्रत्येक गोष्टीला 'कित्याक', म्हणजे 'का', विचारते. आज म्हणाली, "मगे तेंका आमचो हेवो वाटत आसतलो, न्हय बाई?" वर्ग हसला, मीही हसले.

हल्ली कुणी न उठवता पहाटे जाग येते. चहात साखर घ्यायची सोडलीय. का सोडली, आठवत नाही.

१७ सप्टेंबर
फादर म्हणाले, अशी गुणी शिक्षिका गावाला पहिल्यांदाच मिळाली. गुणी! मला आईनंसुद्धा कधी गुणी म्हटलं नव्हतं.

दादाला खुशालीचं पत्र लिहायला बसले. लिहून झाल्यावर वाचलं, तर पानभर क्षमा मागितलेली. बोटीवाला चालेल, असंही लिहिलंय. आणि ते टपालात टाकूनही आले.

आवाज वगैरे काही येत नाही. काम होऊन गेलं की कळतं, हुकूम होता. मला भीती वाटतेय.

२२ सप्टेंबर
लिनोमामांना परसात गाठलं. मागं वळून बघत बघत त्यांनी सांगितलं. त्यांचा बापूय दारुडा होता, बायकोमुलांना मारायचा. शेवटी स्वतःलाच कंटाळला. एका तिन्हीसांजेला त्या खुर्चीत बसून त्यानं देवदूतांना विनवलं, माझं मनच घेऊन जा, म्हणजे माझ्या हातून पाप होणार नाही. कुणीतरी आलं आणि घेऊन गेलं. त्यानंतर दारू नाही, मार नाही. पण सांगितल्याशिवाय जेवणंही नाही. मामा बोटीवर होते म्हणून सुटले. मावशी रोज त्याच्याकडे बेसांव मागत राहिल्या, तो मेल्यावर खुर्चीकडे.

"देवदूतच आयलो गो," मामा म्हणाले. "पण खंयच्या बाजूचो, ता कोणी इचारूक नाय."

म्हणाले, तू जा. नाही म्हण आणि जा. मी पेटी उचलून होडीपर्यंत गेले. एक पाय होडीत ठेवला—
आता पेटी कॉटखाली आहे. कपडे नीट घडी करून परत ठेवलेत.

२७ सप्टेंबर
आज वर्गात मी सांगितलं, दोन तारखेला राखणदार देवदूतांचा सण, संध्याकाळी सगळ्यांनी माझ्या घरी यायचं, बेसांव मागायला. तोंडातून निघाल्यावर मला कळलं.

फिलूनं विचारलं, कित्याक?

मी म्हणाले, चांगली मुलं कारण विचारत नाहीत. मीच म्हणाले.

माझं गेलं तर गेलं. पण ती पोरं— त्यांचं मन घेऊन त्या फिरलेल्या देवदूताला काय करायचंय? फिलूनं सांगितलं होतं ना. हेवा.

१ ऑक्टोबर
फादरांकडे गेले सांगायला. सांगितलं काय, तर सणाला फुलं हवीत. त्यांनी दिली.

मामांना मात्र कसंबसं चिठ्ठीवर लिहून दिलं— मुलांना अडवा. एवढं तरी हातानं ऐकलं. हात अजून माझा आहे. म्हणून लिहिते.

२ ऑक्टोबर, सांज
मामा चर्चच्या वाटेवर उभे आहेत. मुलं खाडीकडून येताहेत. तिकडून या, असं मीच सांगितलं असणार—

किती शहाण्यासारखी, रांगेत. कुणी दंगा करत नाही.

खिडकीतून सगळं दिसतंय. खिडकी इतकी जवळ कशी?

मी खुर्चीत बसलेय. कधी बसले—

घंटा. मावशी दार उघडताहेत. देवा, माणसाला शेवटच्या श्वासापर्यंत मागं फिरता येतं, मीच शिकवलंय. नाही. नाही म्हणतेय मी. तोंड उघडत नाही—

फिलू पहिली. उंबऱ्यावर थांबलीय. कित्याक, म्हणतेय. विचार, पोरी, विचारत राहा. आत येऊ नको. पळ गो फिलू, प—

पुढं ये, बाळ. चांगली मुलं कारण विचारत नाहीत. मी तुझी बाईच ना? हात जोड आणि बेसांव मा