लाल त्रिकोणापुढची वीरांगना

रोहणा, ता. आर्वी
रविवार, २९ ऑगस्ट १९८२

सन्माननीय प्रभाकरराव यांस,

वासुदेवाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहिण्यापुरताच समजावा, माझ्या गुडघ्यांनी हल्ली वाकायचे सोडले आहे.) तुमच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असेल अशा आशेने लिहितो. निघाली नसेल तर कमलावहिनींनी वाचून दाखवावे, पण सावकाश, आणि मध्ये मध्ये स्वतःचे मत घालू नये. वहिनींचा दमा कसा आहे? त्यांना पावसाळाभर दही देऊ नका. येथे पोळा आटोपला, कपाशीची पऱ्हाटी कमरेला लागली, आणि मी खातो-पितो, झोपतो. तक्रार करावी असे काही नाही. एक सोडून.

तुमच्या नागपूरच्या एका मोठ्या दैनिकाने ९ ऑगस्टला बेचाळीसच्या चळवळीची चाळीस वर्षे म्हणून पुरवणी काढली, ती तुम्ही पट्टीमुळे पाहिली नसेल. तिसऱ्या पानावर एक फोटो आहे. खाली छापले आहे : ‘१९४२. इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडावर निर्भयपणे हसणारी वर्धा जिल्ह्यातील अज्ञात वीरांगना.’ प्रभाकरराव, ती वीरांगना म्हणजे आपली भागीरथा. तुमची धाकटी बहीण आणि माझी बायको. बेचाळीस साली ती सात वर्षांची होती आणि तळेगावला तुमच्या मागे चिंचा मागत फिरत होती, हे मी तुम्हाला काय सांगावे. इंग्रज अधिकारी म्हणजे आमचे थोरले बंधू बापूरावदादा. त्यांच्यात इंग्रजासारखे फक्त घारे डोळे, तेही आमच्या आजोळकडून आलेले.

हे कसे झाले ते मुळापासून सांगतो. (मी तीस वर्षे इतिहास शिकवला आहे, मुळापासूनच सांगता येते.) बाहत्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा मुंबईची एक मंडळी आमच्या गावचा बेचाळीसचा मोर्चा फिल्लममध्ये घ्यायला आली होती. सिनेमाच्या आधी दहा मिनिटे दाखवतात तसली फिल्लम. त्यांना माहितगार माणूस पाहिजे, असे कळल्यावर मी रात्रंदिवस खपून अकरा पाने टिपण तयार केले. दिग्दर्शकाने ते दोन्ही हातांनी घेतले, त्यावर चहाची कपबशी ठेवली आणि म्हणाला, ‘मास्टरजी, ज़रा ये पकड़िए.’ ते म्हणजे उन्हाची तिरीप तोंडावर पाडायचा एक चमकदार पत्रा. माझे सल्लागारपद तेथे संपले.

आमच्या नत्थूजींचे त्याहून वाईट झाले. ते खरोखर त्या मोर्चात होते, आणि तुरुंगातही जाऊन आले होते. दिग्दर्शकाने त्यांना पुढून-मागून पाहिले आणि हा माणूस क्रांतिकारक वाटत नाही म्हणून झाडाखाली बसवले. नत्थूजींनी तेथूनच खुलासा केला, ‘झेंडा कोठचा आनता जी? झेंडा तं पोलिसायनं आदल्या दिशीच नेलता. आमी नुसती काठी घेऊन गेलतो. अन् बाया कोठं होत्या? बाया घरी भाकरी थापून राह्यल्या होत्या.’ यावर दिग्दर्शक म्हणाला की रिकामी काठी पडद्यावर बरी दिसत नाही, आणि बायांशिवाय मोर्चा तर अजिबात दिसत नाही. म्हणून गावातल्या चाळीस बाया धुवट पांढऱ्या लुगड्यांत उभ्या केल्या. भागीरथा उंच, म्हणून झेंडा तिच्या हातात दिला. मागच्या भिंतीवर कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेला होता, त्याच्यापुढे कडब्याची गाडी लावून तो झाकला. समोरून दादा आले. डोक्यावर हॅट, हातात छडी, अंगात खाकी अर्धी चड्डी. दादांच्या पोटऱ्या गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

आता तुम्हीच सांगा, दुसरे काय होणार होते? दादा म्हणजे तिचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर आमच्याकडच्या सुना तोंड उघडे टाकीत नाहीत, तेथे हा भासरा अर्ध्या चड्डीत छडी उगारून आलेला. भागीरथेने झेंडा काखेत धरला, पदर नाकापर्यंत ओढला आणि पाठ करून बाजूला उभी राहिली. मागच्या चाळिसांपैकी निम्म्याअधिक बायांचे दादा गावनात्याने भासरेच लागत. त्या सगळ्या एकदम वळल्या. उरलेल्या देखादेखी वळल्या. स्वतः दादाही संकोचून शेताकडे तोंड करून उभे राहिले. इंग्रज सत्ता आणि हिंदी जनता एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत, असा प्रसंग माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. दिग्दर्शकाने चारदा घेतले, चारदा तेच. घरी आल्यावर मी तिला रागावलो, तर म्हणते, ‘भासऱ्याच्या तोंडाले तोंड देऊ काय मी? इंग्रज चार दिस जास्त राह्यला तं राह्यला.’

पण चौथ्या खेपेला एक झाले. गाडीचे बैल कंटाळून चार पावले पुढे गेले, त्रिकोण उघडा पडला, आणि त्याच वेळी माझ्या हातातला पत्रा उलटा होऊन सगळे ऊन माझ्याच डोळ्यांत गेले. मी आंधळ्यासारखा चाचपडू लागलो. भागीरथेने पदर दोन बोटांनी वर उचलला, माझ्याकडे पाहिले आणि हसली. तेवढेच कॅमेऱ्याने टिपले. तोच हा फोटो. तिच्या डाव्या खांद्यामागे १९४२ सालात लाल त्रिकोण स्वच्छ दिसतो (छपाईत काळा आला आहे), आणि एवढ्या मोठ्या दैनिकात तो कोणाला खटकला नाही. पोराने पानिपतचे साल एकाने चुकवले तरी मी अर्धा गुण कापीत असे.

फिल्लम पुढल्या वर्षी आर्वीच्या टॉकीजला लागली. बाया पाठ करून उभ्या आणि मागून भारदस्त आवाज, की या मातांनी जुलमी सत्तेकडे पाठ फिरवली. हे मी ऐकून सांगतो. आम्ही दोघे निघालो, तर वाटेत एसटीचे टायर बसले आणि पोचेपर्यंत मुख्य चित्र सुरू झाले होते. मी फार चिडलो. ती म्हणाली, ‘मी काय मले कधी पाह्यलं नाई? चाला, च्या पिऊ.’ चहा पिऊन परत आलो. ती गेल्यावर या दोन वर्षांत मी एकटा चारदा त्या टॉकीजला गेलो. एकदा धरणाची फिल्लम होती आणि तीनदा कपाशीवरच्या अळीची. आता अळीबद्दल मी कृषी अधिकाऱ्याला शिकवू शकतो.

पुरवणी आल्यापासून गावाचे डोके फिरले आहे. शेजारच्या कोकिळाबाई त्या शूटिंगमध्ये तिसऱ्या रांगेत होत्या. आता त्या बेचाळीसच्या मोर्चातच होत्या. त्या वेळी त्या पाळण्यात होत्या, असे मी म्हटले, तर ‘मास्तर, तुमी होते काय तिथं?’ असे मलाच विचारतात. मी नव्हतो हे खरे. नत्थूजी होते, पण त्यांचा फोटो नाही, म्हणून त्यांना कोणी विचारीत नाही.

आणि दादा. दादांना मी पुरवणी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘हे बाई कोन हाय गा?’ मला वाटले थट्टा करतात. थट्टा नव्हती. सत्तावीस वर्षे एका घरात तिच्या हातची भाकरी खाल्ली, पण तिचे तोंड त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. मी नाव सांगितले. मग म्हणाले, ‘भावसून हासत बी होती काय? मले मालूमच नाई.’ आणि पेपर माझ्या हातात देऊन गोठ्यात निघून गेले.

प्रभाकरराव, तिचा दुसरा फोटो नाही. लग्नात काढला नाही. एकसष्ट साली घरातल्या सगळ्यांचा काढला, त्यात दादा मध्ये बसले आहेत म्हणून कडेला नुसता पदर आहे. तो पदर मी वीस वर्षे पाहत आलो. हा पेपरातला फोटो जवळ धरला तर नुसते ठिपके दिसतात. हात लांब करून धरला की ती दिसते, आणि हसते ती माझ्याकडे पाहून. कुठल्या इंग्रजाकडे नव्हे. मला ती फार आठवते. वयाच्या साठाव्या वर्षी मेहुण्याला हे लिहायची लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाला लिहू?

मी दैनिकाला पत्र टाकून मूळ फोटो मागितला. त्यांचे कार्ड आले : प्रत फक्त वीरांगनेच्या नातेवाइकांस, तिच्या बेचाळीसमधील कामगिरीची माहिती लेखी दिल्यास मिळेल. म्हणजे खरे सांगितले तर फोटो नाही. चार रात्री विचार केला. शेवटी माझ्या पेशाला शोभेल तेच केले. संपादकांना सविस्तर खुलासा लिहिला आहे : साल, फिल्लम, बैल, त्रिकोण, सगळे. तो सोबतच्या बंद पाकिटात आहे. तुम्ही ते कचेरीत स्वतः नेऊन द्यावे. फोटो मिळणार नाही, हे मला समजते. इतिहास हा इतिहास आहे, त्यात आपले-परके करता येत नाही.

वहिनींस नमस्कार. डोळ्याला जपावे.

आपला,
वासुदेव

ता. क. पाकीट देण्याची घाई करू नये. आधी नुसते विचारून पाहावे. भाऊ स्वतः समोर उभा राहिल्यावर नुसत्या नावावर दिला तर उत्तमच.

ता. क. २. माहिती मागितलीच, तर पाकीट खिशातच ठेवा आणि त्यांना पाहिजे ते लिहून द्या. झेंडा लिहा, लाठी लिहा, तुरुंग लिहू नका, तो नत्थूजींचा आहे. ‘अज्ञात’ हा शब्द मात्र तेवढा खोडायला लावा आणि नाव पूर्ण घाला. वय सत्तावीस सांगा. फोटोत त्याहून कमी दिसत नाही. मग ती तुमची थोरली बहीण होईल आणि तुम्हाला तिच्या पाया पडावे लागेल. तेवढे करा. सगळ्यांत धाकटी म्हणून सगळ्यांच्या पाया पडावे लागते, अशी तिची जन्मभर तक्रार होती.

ता. क. ३. फोटो पोस्टाने पाठवू नये. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून स्वतः घेऊन यावे. पेपरवाल्याने पुरवणी दुमडून टाकली होती, ती घडी नेमकी तिच्या गालावरून गेली आहे. रोज हाताने सारखी करतो, पण जात नाही.