वरच्या दोरीवरच्या चादरी

मंगळवार, ३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. माझा फोन का लागत नाही म्हणून तू एव्हाना अर्धी झाली असशील, तर ऐक. या खोऱ्यात रेंजच नाही, आणि असती तरी उपयोग नव्हता. दारातच एक लाकडी पेटी आहे. पाहुण्याने आल्या आल्या आपला फोन तिच्यात ठेवायचा आणि निघताना उचलायचा, असा ठकीच्या पाहुणेघराचा शिरस्ता आहे. घरातला तारेचा फोन मागच्या वादळात गेला तो अजून धड झालेला नाही. तेव्हा पत्रं. सकाळी दूधवाल्याची गाडी येते, तीच पत्रं नेते आणि आणते.

ठकीला आठवा महिना चालू आहे, आणि मी फाटकातून आत शिरले तेव्हा तुझी भाची शिडीवर चढून वेल बांधत होती. जावईबापू खाली शिडी धरून हसतमुखानं उभे. पोरगा गुणी आहे, पण अशा वेळी त्याच्या हसण्याचा मला फार राग येतो.

घर देखणं आहे, खोटं कशाला बोलू? मातीच्या गार भिंती, प्रत्येक खोलीला मोठी खिडकी, खिडकीबाहेर भाजीचे वाफे. पाणी उन्हावर तापतं, म्हणजे आभाळ आलं की अंघोळीची बोंब. संडासात पाणी ओतायचं नाही, लाकडाचा भुसा टाकायचा. मी पहिल्या दिवशी इतका टाकला की जावईबापूंनी अदबीनं सुचवलं, आई, झाकायचंय, पुरायचं नाहीये. त्यांची गाडीसुद्धा उन्हावरच चालते. दोन दिवस ढग राहिले की तिच्यावर कोंबड्या बसतात. आणि दवाखाना डोंगराच्या पलीकडे, खडीच्या रस्त्यानं. पाहुण्यांना हे सगळं फार आवडतं. ते चार दिवसांनी घरी जातात, त्यांना आवडायला काय जातंय?

इथे प्रत्येक पाहुण्यानं एक काम उचलायचं असतं. कोणी भाजी खुडतं, कोणी कोंबड्यांना दाणे टाकतं. मी चादरी मागून घेतल्या. मागणारच. उभी हयात हॉटेलच्या चादरी-टॉवेलांची खोली सांभाळली, आणि माझ्याच लेकीकडे चादरी वेलीखाली सावलीत वाळतात, वर पाखरांची मेहेरबानी!

थोडे दिवस राहायला आले, असं सगळ्यांना सांगितलंय. खरं काय ते तुला माहीत आहे. महिना संपायच्या आत तिला घरी घेऊन यायचं, तुझ्या इस्पितळाजवळ, तुझ्या नजरेखाली. मागच्या वेळचं पुन्हा झालं तर ते मला सोसणार नाही.

लोभ आहेच, पण सध्या काळजी जास्त आहे. दोन्ही गोड मानून घे.
तुझी,
अक्का


शुक्रवार, ६ मार्च

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वॉर्डात चहा घेता घेता वाचलं आणि भुशापाशी मला ठसका लागला. बरोबरच्या नर्सबाईंना वाचून दाखवलं, रागावू नकोस.

आता कामाचं. तिच्या पायांना सूज आहे का, बघ. नुसतं विचारू नकोस, ती नाही म्हणेल. नडगीवर बोट दाबून खळगा पडतो का ते बघ. बाळ नेहमीसारखं फिरतंय का? डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं होतं का? रक्तदाब शेवटी कधी मोजला? हे विचारताना चेहरा सरळ ठेव. तुझा चेहरा काळजीचा झाला की समोरच्याला आपण मेलोच असं वाटतं.

तिला इकडे आणायचं म्हणतेस, मलाही तेच हवंय. पण जरा जपून. मागच्या वेळी ती याच वॉर्डात होती, खिडकीजवळच्या खाटेवर. सहाव्या महिन्यात बाळ गेलं आणि रिकाम्या हातानं ती याच दारातून बाहेर पडली. मी रोज त्या खाटेवरची चादर बदलते, तरी अजून माझाच हात अडखळतो. तिनं हे दार पुन्हा बघावं असं तिला सांगताना आपण काय मागतोय हे लक्षात ठेव. तिला ओढून आणू नकोस.

आणि चादरींच्या नादात घर डोक्यावर घेऊ नकोस. लहानपणी माझा शाळेचा गणवेश तू दोरीवर असा घालायचीस की शेजारणी बघायला यायच्या. काठाला काठ, चिमट्याला चिमटा. मला तो अंगात घालायचीच भीती वाटायची.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी


मंगळवार, १० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. क्रमानं सांगते.

तू सांगितलंस तसं सगळं विचारलं. पायांना थोडी सूज आहे, खळगा पडतो पण भरूनही येतो. बाळ फिरतंय. रक्तदाब मागच्या आठवड्यात दवाखान्यात मोजला तो ठीक होता म्हणाली. मग मी हळूच घरी येण्याचं काढलं. तिनं हातातली टोपली खाली ठेवली, मला म्हणाली की आई, तू पाहुणी म्हणून आली आहेस ना, मग पाहुणीसारखी राहा. आणि खतखड्ड्याकडे निघून गेली. पाठमोरी होती, पण खांदे हलत होते. मला फार लागलं ते. तिच्यामागे जावं की नाही हेसुद्धा मला कळलं नाही.

मग काय करणार, चादरी धुवायला घेतल्या. घरामागे टेकाडावर दोन खांब आणि एक रिकामी दोरी आहे, सगळं ऊन तिथेच. इतकी चांगली दोरी कोणी वापरत कसं नाही म्हणून मी नाक मुरडलं आणि सगळ्या पांढऱ्या चादरी तिच्यावर घातल्या. खाली येऊन हात पुसते न पुसते तोच एक जीप धुरळा उडवत फाटकातून आत. आतून एक गृहस्थ उतरले, डोक्यावर जाळीची टोपी, एका हातात धूर सोडणारा डबा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. दोन-चार मधमाश्याही बरोबर आलेल्या. त्यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकच विचारलं, पोरगी कुठे आहे?

हे समोरच्या डोंगरउतारावर मधाच्या पेट्या ठेवणारे. ठकी त्यांना मधवाले काका म्हणते. या भागात न रुसणारी गाडी एकच, त्यांची जीप. वरच्या दोरीवर पांढरी चादर दिसली की हातातलं टाकून यायचं आणि ठकीला दवाखान्यात पोचवायचं, असं त्यांचं कधीचं ठरलेलं! म्हणूनच ती दोरी रिकामी. आणि मी तिच्यावर अख्ख्या घराच्या चादरी लावून ठेवल्या.

जावईबापूंना हसू आवरेना. ठकी मात्र संतापली. मीही चिडले, मला आधी का नाही सांगितलंस म्हणून विचारलं. तर म्हणाली, सांगितलं असतं तर तू दिवसभर त्या दोरीखाली खुर्ची टाकून बसली असतीस. धाकटे, ते खरं आहे, म्हणूनच जास्त झोंबलं.

मधवाले रागावले नाहीत. सरबत प्यायले आणि म्हणाले, बाईंना ऊन हवंय तर वाळवू दे वर, आपण खूण बदलू. यापुढे पांढरं दिसलं तर ते येणार नाहीत. लाल ब्लँकेट दिसलं तरच येतील.

तुझा लोभ कमी होईल असं आज मी वागले आहे, तरी होऊ देऊ नकोस.
तुझी,
अक्का


शुक्रवार, १३ मार्च

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखलं, आणि मग मधमाश्यांसकट येणारी ती रुग्णवाहिका डोळ्यांसमोर येऊन काळजीनं दुखलं. पण एक सांगू? पोरीनं आपल्याला न सांगता का होईना, तजवीज करून ठेवली आहे. तिला आपल्याइतकीच भीती वाटते गं. फक्त ती आपली भीती कामात दडवते. ही खोड कुणाची, ते सांगायला नको.

सुजेचं मला आवडलं नाही. रक्तदाब पुन्हा मोजून घ्या, या आठवड्यातच. आणि हे नीट वाच: सूज वाढली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तर कळांची वाट बघायची नाही. लगेच निघायचं. मी रजेचा अर्ज टाकला आहे, पण माणसं कमी आहेत, मिळेल तेव्हा खरी.

ते लाल ब्लँकेट कुठे असतं? ते हाताशी ठेव.

तिकडच्या सगळ्यांना माझा लोभ वाटून दे, तुला उरेल तेवढा तू घे.
तुझी,
धाकटी


मंगळवार, १७ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा ठकी आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. मी उशांचे अभ्रे घड्या करत होते, तीही करू लागली. चार-पाच अभ्रे झाले. मग म्हणाली, मावशीच्या इस्पितळातल्या जिन्याचा वास अजून नाकात आहे, तिथे मला नेऊ नकोस. मी म्हटलं, नाही नेणार. मी तुला न विचारताच कबूल केलं, धाकटे. तिच्या घड्या वाकड्या होत होत्या, पण मी एकही पुन्हा घातली नाही. यावरून काय ते समज.

आता ठरलं असं की शेवटचे दोन आठवडे दवाखान्याजवळच एक खोली घेऊन राहायचं, मीही बरोबर. तोपर्यंत मी रोज वरच्या दोरीवर चादरी घालते. मधवाल्यांनी जावईबापूंजवळ निरोप दिला की समोरून ती दोरी बघून त्यांना आपल्या पेट्यांच्या रांगेची लाज वाटली, सगळ्या पुन्हा सरळ लावल्या. मी वरवर काही दाखवलं नाही, पण दिवसभर खुशीत होते.

लाल ब्लँकेट दाराजवळच्या कपाटात आहे. एक म्हातारं जोडपं आलंय, फार गोड माणसं. त्यांना थंडी वाजते म्हणून ते सारखं मागतात, मी सारखं परत आणून ठेवते. रक्तदाबासाठी गुरुवारी जायचं आहे. आज-उद्या ढग आहेत. सूज मला कालच्यापेक्षा जास्त वाटते, ती म्हणते नाही. माझा जीव टांगणीला लागलाय.

लोभाबरोबर दोन ओळी लवकर पाठव.
तुझी,
अक्का


सोमवार, २३ मार्च

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

मंगळवारच्या पत्रानंतर तुझं काही नाही. दूध संस्थेत फोन केला, तर पुलाच्या कामामुळे गाडी दुसऱ्या रस्त्यानं जाते म्हणाले. गुरुवारी रक्तदाब किती आला? माझं कामात लक्ष नाही. आज एका बाईला दोनदा तेच विचारलं. रजा मंजूर झाली आहे, परवा निघते. त्याआधी एक ओळ, अगदी एकच, कुणाच्याही हाती पाठव.

तुझी,
धाकटी


सोमवार, २३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी हे वाच: ठकी बरी आहे. मुलगी झाली. लहानशी आहे, उबेच्या पेटीत ठेवली आहे, पण रडते खणखणीत. आता श्वास घे आणि पुढचं वाच. मी इकडच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातून लिहिते आहे. माझा फोन ठकीकडच्या पेटीतच राहिला, तुझा नंबर त्यातच, आणि लिहायला बसायची सवड आज मिळाली. हे पत्र इथल्या नर्सबाईंचा भाऊ तुझ्या हातात आणून देईल.

बुधवारी दुपारी ठकी स्वयंपाकघरात टेबलाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, आई, डोकं फुटतंय, तुझ्या तोंडाभोवती काजवे दिसताहेत. जावईबापू त्या उन्हाच्या गाडीतून पाहुण्यांना सोडायला गेलेले, आणि ढगामुळे वाटेतच अडकलेले. मी कपाट उघडलं. ब्लँकेट नाही. ते गोड म्हातारं जोडपं ते घेऊन ओढ्याकाठी बसायला गेलं होतं. ओढा कुठल्या अंगाला, तेही मला माहीत नव्हतं. तिला एकटीला सोडून शोधायला कशी जाणार?

मला पक्कं ठाऊक होतं की पांढरं बघून ते येणार नाहीत. माझ्यामुळेच येणार नव्हते. तरी पलंगावरच्या चादरी ओढून काढल्या, टेकाडावर धावले आणि दोरीवर फेकल्या. चिमटे नाहीत, काही नाही. अर्ध्या खाली मातीत लोळत होत्या. ओरडून ओरडून घसा बसला. समोरच्या डोंगरावर कुणी हललंसुद्धा नाही. धाकटे, त्या वेळी मला वाटलं, माझ्या नीटनेटकेपणानं माझी पोरगी गेली.

आणि मग खाली जीपचा आवाज आला.

रस्ताभर मी तिचा हात धरून होते. दवाखान्यात रक्तदाब मोजला आणि त्यांनी तसंच पुढे इथे पाठवलं, त्याच जीपमधून, त्यांच्या नर्सला बरोबर देऊन. थोडा जरी उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरीणबाईंनी नंतर सांगितलं. ते लिहीत नाही. तू जाणतेसच.

दुसऱ्या दिवशी मधवाले बाहेर बाकावर बसले होते. मी हात जोडले आणि विचारलं की पांढऱ्याला येणार नव्हतात, मग कसे आलात? ते जरा लाजले. म्हणाले, रंग बघितलाच नाही. रोज ती दोरी बघतो. त्या दिवशी चादरी वाकड्यातिकड्या, एक मातीत लोळतेय. या बाईंच्या हातून चादर अशी पडली, म्हणजे घरात काहीतरी भयंकर झालंय. बस्, निघालो. तिथेच बसून मनसोक्त रडले.

ठकीचा रक्तदाब उतरतोय. काल तिनं विचारलं, मावशी कधी येणार? या इस्पितळाच्या जिन्यालाही तसलाच वास आहे, पण ती म्हणते आता चालेल. तेव्हा ये.

बाळाची दुपटी मी इथल्या गच्चीवर वाळत घालते, काठाला काठ लावून. आज सकाळी मधवाले बाजाराला जाताना खालच्या रस्त्यानं गेले. जीप हळू केली, मान वर करून दोरी बघितली, आणि न थांबता पुढे गेले.

लोभात आता एक वाटेकरीण वाढली आहे, तिच्यापुरता जास्तीचा घेऊन ये.
तुझी,
अक्का